एकाहत्तर नंबरच्या काचेचा फोटो

अकरा मार्च रोजी मी एकोणीस हजार चारशे पन्नासचा एक चेक रोखून धरला. चेकवर संचालकांची सही झालेली होती, पाकिटावर पत्ताही लिहून झाला होता. पाकीट मी टेबलाच्या खणात ठेवलं आणि फाइलवर लिहिलं: 'प्रदर्शनातील वस्तूचे नुकसान, जबाबदारी निश्चित, देयक पुढील आदेशापर्यंत स्थगित.' चेक आमच्या वनस्पती उद्यानाच्या फोटोग्राफरबाईंचा होता. सत्तावीस वर्षांत त्यांचं एकही बिल मी आठवडाभरापेक्षा जास्त ठेवून घेतलं नव्हतं. जबाबदारी निश्चित झाली होती हे खरं. ती चुकीच्या माणसावर झाली होती, आणि ते त्या दिवशी दोघांनाच माहीत होतं. एक त्या, दुसरा मी.

उद्यानात त्यांना सगळे थांबाताई म्हणत. हे नाव माळ्यांनी पाडलं. पानाचा फोटो काढायचा तर आधी वारा पडायला हवा, पानाच्या टोकाचा थेंब गळायला हवा, ढग सरकायला हवा. आणि तोवर जवळपास कोणी फावडं जरी उचललं तरी बाई हात वर करून 'थांबा' म्हणायच्या. एकदा नेच्याच्या एका कोवळ्या पानासाठी त्यांनी अख्ख्या नेचाघराचं शिंपण अडीच तास अडवलं. मुख्य माळी तणतणत माझ्याकडे आला.

"साहेब, या बाईंना पगार फोटो काढायचा देता की थांबायचा?"

"पगार देतच नाही. नगावर पैसे देतो. अडीच तासांत एक नग."

तो जरा वेळ मनात हिशेब करत उभा राहिला. मग म्हणाला, "म्हणजे वेडी बाईच म्हणायची." पुढे नाव इतकं रुळलं की फोनवर त्या स्वतःच सांगायच्या, "हं, थांबाताई बोलतेय."

उद्यानाच्या मागच्या फाटकापासून दोन गल्ल्या सोडून त्यांच्या नवऱ्याचा फोटो स्टुडिओ होता. नवरा तापाने गेला तेव्हा धाकटी मुलगी तीन वर्षांची होती. मागे राहिलं ते दुकानाचं भाडं, दोन कॅमेरे, तलाव रंगवलेला एक पडदा आणि सासूबाई. तोवर बाईंना फोटो धुणं आणि दोरीवर वाळत घालणं एवढंच येत होतं. कॅमेरा त्या घरातल्या भांड्यांचे फोटो काढून शिकल्या. "माणसं वाईट फोटोचे पैसे देत नाहीत," त्या म्हणायच्या, "भांडी कुरकुर करत नाहीत." स्टीलच्या तांब्यात स्वतःचा चेहरा न येता तांब्याचा फोटो कसा काढायचा, यात त्यांचे तीन महिने गेले. त्याचा पुढे एवढा उपयोग होईल असं त्यांनाही वाटलं नसेल.

उद्यानात त्या पहिल्यांदा आल्या ते विषारी झाडांच्या पाट्यांसाठी. बावीस झाडं होती. फोटो द्यायला आल्या तेव्हा दोन्ही हात कोपरापर्यंत सुजलेले. मी तेव्हा नवा कारकून होतो. व्हाउचरचा कागद मी धरला आणि त्यांनी कशीबशी सही केली.

"हातमोजे घालायचे होते," मी म्हटलं.

"मोज्यांनी पान वळत नाही," त्या म्हणाल्या, आणि फुंकर मारून शाई वाळवली.

दोन्ही मुलींची शिक्षणं, मोठीचं लग्न, स्टुडिओचं भाडं, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, हे सगळं आमच्या पानांवर, दोन शाळांच्या वार्षिक फोटोंवर आणि ओळखपत्राच्या फोटोंवर झालं. मला हे ठाऊक होतं, कारण त्यांना पैसे कधी लागतात ते बिलांच्या तारखांवरून कळायचं. जून महिन्यात त्या बिल द्यायला स्वतः यायच्या. एरवी पोस्टाने पाठवायच्या.

या वर्षी फेब्रुवारीत काचेची शिल्पं आली. एका नावाजलेल्या काचकाराची एकशे बारा शिल्पं चार महिने आमच्या बागेत मांडायची होती. कमळांच्या तळ्यात तरंगणारे गोळे, बांबूच्या बेटात उभे केलेले अडतीस निळे दांडे, आणि ताडघरात, म्हणजे उंच काचेच्या छपराखाली जिथे ताडामाडाची झाडं ठेवतो तिथे, मोठी उमललेली फुलं. विम्याची अट अशी की प्रत्येक वस्तूचा येताना चार बाजूंनी फोटो, जाताना चार बाजूंनी फोटो. काम अर्थातच थांबाताईंचं. नोंदवही माझी.

आणि इथेच मी पहिला शहाणपणा केला. आमच्या लेखा नियमांत 'प्रत्येक वस्तूवर क्रमांक चिकटवावा' असं आहे. मी एकशे बारा कागदी लेबलं छापून घेतली आणि सगळ्या काचांवर चिकटवली.

थांबाताई पहिल्या दिवशी आल्या, तळ्याकाठी उभ्या राहिल्या आणि एकेक लेबल बघत गेल्या.

"साहेब, हे काय?"

"नंबर."

"ते दिसतंय. काचेवर कशाला? रोपाला लावतो तशी पाटी मातीत खोचा ना शेजारी."

"नियमात चिकटवावा असं आहे. आणि पाटी हलली तर? अडतीस निळे दांडे आहेत. सतरावा कुठला नि अठरावा कुठला, तुम्हाला सांगता येईल?"

"मला येईल."

"मला नाही येणार."

"मग तुमच्यासाठी ठेवू," त्या म्हणाल्या. "पण पाहणीचे फोटो झाले की काढून टाका. कॅटलॉगचे फोटो मी लेबलासकट काढणार नाही. उजेड काचेतून आला की तुमचा नंबरच आधी उजळेल."

काचेचा फोटो कसा काढतात हे मी त्या तीन आठवड्यांत बघितलं. ओव्हरटाइमच्या नोंदीसाठी मला संध्याकाळी थांबावंच लागायचं. बाई गळ्यापर्यंत काळा कोट घालून यायच्या. कॅमेऱ्यावर काळं कापड, त्याला फक्त भिंगापुरतं भोक. पहिल्या संध्याकाळी त्यांनी कॅमेऱ्यातून बघितलं आणि मान वर न करता म्हणाल्या, "साहेब, तुम्ही सगळ्या गोळ्यांत आला आहात."

"मी?"

"पांढरा सदरा. चौदा गोळे, चौदा साहेब. आणि तो वॉचमनही आलाय, मुंगीएवढा. दोघे त्या झाडामागे जा."

आम्ही झाडामागे गेलो. वॉचमन कुजबुजला, "साहेब, माझ्या लग्नाच्या फोटोतसुद्धा मी मुंगीएवढाच आलो होतो." तिकडून आवाज आला, "हसू नका, पाणी हलतं."

दिवा त्या काचेवर कधीच मारत नसत. काचेच्या मागे तीन-चार हातांवर पांढरं कापड ताणायचं, दिवा त्या कापडावर सोडायचा, आणि कापडावरचा उजेड काचेतून येऊ द्यायचा. काचेच्या कडा मग पेन्सिलीने आखल्यासारख्या उठून दिसत. "काचेवर उजेड टाकला की दिवाच दिसतो," त्या मला म्हणाल्या होत्या. मी हे ऐकलं होतं आणि डोळ्यांनी बघितलं होतं. पुढच्या गोष्टीत हे महत्त्वाचं आहे.

लेबलं कशी काढायची तेही त्यांनीच माळ्यांना दाखवलं. सकाळी, ऊन चढायच्या आत. कोमट पाण्याचं फडकं पाच मिनिटं ठेवायचं, मग तेलाचं बोट फिरवायचं. खरवडायचं नाही. तापलेल्या काचेला हात लावायचा नाही. मी शेजारीच उभा होतो. लेबलं माझी होती, त्यामुळे ती कशी काढावीत हे मला कोणी शिकवावं याचा थोडा रागच आला होता.

तीन मार्चला दुपारी बारा वाजता संचालकांचा निरोप आला. चार वाजता पाहुणे पूर्वपाहणीला येणार. तोवर एकाही काचेवर कागद दिसता कामा नये. ताडघरातली नऊ लेबलं राहिली होती. ऊन चढलं म्हणून माळ्यांनी ती दुसऱ्या दिवशी सकाळवर ठेवली होती, आणि आता ते जेवायला गेले होते. नऊ लेबलांचं ते काय, म्हणून मी फडकं घेतलं, ऑफिसच्या कूलरमधून गार पाण्याची बाटली भरून घेतली, आणि निघालो.

आठ लेबलं सावलीतल्या काचांवरची होती. ती निघाली. एकाहत्तर नंबर मधोमध होता. पसरट घमेल्याएवढं केशरी फूल, बुडाशी जाड, कडेला पातळ, आणि छपरातून ऊन नेमकं त्याच्यावर. मी हात लावला आणि चटका बसला म्हणून मागे घेतला. चटका बसला हे मी मुद्दाम लिहितो आहे. मग मी बाटलीची धार लेबलावर धरली.

टक् असा आवाज झाला. बोट मोडल्यासारखा, बारीक. ताडघरात आवाज होतच असतात; वाळकं फळ छपरावर पडतं, लोखंडी सांगाडा उन्हाने ताणला जातो. मी वर बघितलं. मग काचेकडे बघितलं, पण उन्हात ती इतकी लखलखत होती की काही दिसेना. लेबल अलगद निघून हातात आलं. मला बरं वाटलं. ऑफिसात जाऊन ती नऊ लेबलं मी नोंदवहीत आपापल्या क्रमांकासमोर चिकटवली आणि प्रत्येकापुढे वेळ लिहिली. एकाहत्तरसमोर: 'काढले, दु. १.२०.'

त्या संध्याकाळी थांबाताईंनी ताडघरातले कॅटलॉगचे फोटो काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी काचकार आला तेव्हा एकाहत्तर नंबरला बुडापासून कडेपर्यंत तडा होता.

तो ओरडला नाही. झाडाच्या कुंडीच्या कठड्यावर बसला आणि एवढंच विचारलं, "इथे दिवा कोणी लावला होता?"

सगळ्यांना माहीत होतं कोणी लावला होता.

घरी आलो तेव्हा बायको स्वयंपाकघरात होती. मी सहज विचारावं तसं विचारलं, "तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर काय होतं गं?"

"कढईचं काचेचं झाकण फोडलंत तेव्हा काय झालं होतं?" ती म्हणाली. "तेव्हाही तुम्ही विचारलं होतं, आपोआप कसं गं फुटलं."

म्हणजे चार मार्चच्या संध्याकाळपासून मला नक्की माहीत होतं. आधी माहीत नव्हतं, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. ते खरं नाही.

नऊ तारखेला थांबाताई माझ्या खोलीत आल्या. दुसऱ्या दिवशी चौकशी समिती बसायची होती. त्यांनी पिशवीतून एक मोठा फोटो काढला आणि माझ्यासमोर ठेवला. एकाहत्तर नंबर. त्या संध्याकाळचा. फार सुंदर आला होता, आतून पेटल्यासारखा.

"मी तेव्हा घडीची रेघ समजले," त्या म्हणाल्या. "या फुलाला घड्या आहेत ना. घरी मोठा करून बघितला तेव्हा कळलं. हे बघा."

त्यांनी पेनाचं टोपण टेकवलं. काचेच्या खांद्यावर गोंदाचा फिकट चौकोन होता. त्याखाली पाणी ओघळून वाळल्याची खूण. आणि चौकोनाच्या खालच्या कोपऱ्यातून निघालेली नखाएवढी रेघ. रात्री गारवा वाढल्यावर तीच रेघ कडेपर्यंत पळाली असणार.

"माझा दिवा चार हात मागे होता, कापडावर," त्या म्हणाल्या. "दिव्याने तडकलं असतं तर मागून तडकलं असतं. हे तर तुमच्या लेबलापासून निघालंय."

मी फोटो जवळ ओढून घेतला.

"माळ्यांना विचारलं. ते जेवायला गेले होते. परत आले तर लेबलं नव्हती. मग मी तुमची वही बघितली, बाहेर टेबलावरच होती. एक वीसला काढलंय तुम्ही. वेळसुद्धा लिहिलीय."

"ताई..."

"ऐका. उद्या मी हा फोटो दाखवणार नाही. मी दाखवला तर तुम्ही पकडले गेलात असं होईल. तुम्ही स्वतः बोललात तर चूक झाली, सांगून टाकली, एवढ्यावर मिटेल. सत्तावीस वर्षांत माझं एक बिल तुम्ही अडवलं नाहीत. लोकांची बिलं कशी अडवतात ते मला माहिती आहे. तेवढ्यासाठी हे." फोटो त्यांनी परत पिशवीत ठेवला. "उद्यानाच्या कंत्राटी यादीतून नाव गेलं तर पानांचं काम नाही. आणि काच फोडली म्हणून गेलं तर शाळाही नाहीत, हे तुम्हाला कळतंच."

"मी बोलेन," मी म्हटलं.

"शब्द?"

"शब्द."

समिती दहा तारखेला अकरा वाजता बसली. संचालक, विम्याचा माणूस, मुख्य माळी, आणि सचिव म्हणून मी. बाई समोरच्या खुर्चीत, पिशवी मांडीवर. नोंदवही माझ्या हाताखाली होती. कोणीही हात पुढे करून ती उघडू शकलं असतं.

विम्याच्या माणसाने दिव्याचं विचारलं. बाईंनी कापडाचं सांगितलं. तो म्हणाला, "पण दिवा गरम होतो ना?" त्या म्हणाल्या, "होतो. कापड गरम होतं." तो मान हलवून लिहीत राहिला. मग त्या म्हणाल्या, "दुपारी लेबलं काढली तेव्हा काय झालं तेही विचारा."

मुख्य माळी उसळला. "माझ्या माणसांनी काहीही केलेलं नाही! कोमट पाणी, तेल, सगळं बाईंनी सांगितलं तस्सं. आणि ताडघरातली तर आम्ही काढलीच नाहीत!"

संचालक माझ्याकडे वळले. "मग ती कोणी काढली?"

खोलीत पंखा फिरत होता. बाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा पान स्थिर व्हायची वाट बघतानाचा होता. निवृत्तीला सात महिने राहिले होते. निवृत्तीच्या आधीच्या वर्षात चौकशी लागली की सगळी देणी अडकतात. मी स्वतः चार जणांची अडकवली होती. हे सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं.

"कर्मचाऱ्यांनी काढली," मी म्हणालो.

हे खोटं नव्हतं. मीही कर्मचारीच आहे.

"सगळी काळजी घेऊनच काढली असतील," संचालक म्हणाले, आणि पुढच्या मुद्द्यावर गेले. शेवटी त्यांनी बाईंना विचारलं, "तुम्हाला आणखी काही दाखवायचंय?" बाईंचा हात पिशवीत होता. तो तसाच थोडा वेळ आत राहिला. मग त्या म्हणाल्या, "नाही," आणि उठल्या. इतिवृत्त मी लिहिलं. 'दिव्याच्या उष्णतेमुळे तडा गेल्याचे दिसते.' अक्षर नेहमीसारखं चांगलं आलं.

पुढचे दिवस मी मान खाली घालून काम केलं. माळी माझ्याशी बोलत नव्हते असं नाही. उलट जरा जास्तच आदराने बोलत होते, आणि ते फार वाईट होतं. त्यांनी काय ताडलं होतं ते मला माहीत नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं मला प्रत्येकाच्या बोलण्यात काहीतरी दिसायचं.

अठरा तारखेला ऑफिसच्या फोनवर एका शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. मी उचलला.

"तुमच्याकडच्या फोटोग्राफरबाई आमचे वर्गांचे फोटो काढतात. त्यांच्या हातून म्हणे तुमच्याकडे काहीतरी महागाचं फुटलं? मुलांचा प्रश्न आहे, दिवे, वायरी असतात, म्हणून विचारते. खरं आहे का?"

मला दुसरी संधी मिळाली होती. समिती नव्हती, वही नव्हती, समोर कोणी नव्हतं. फक्त 'नाही' म्हणायचं होतं.

"चौकशी झालेली आहे," मी म्हणालो.

"म्हणजे खरं आहे."

मी गप्प राहिलो.

"बरं. मग या वर्षी दुसऱ्या कोणाला सांगतो आम्ही. थँक्यू हं."

त्या रात्री जेवताना बायकोने भाकरी ताटात ठेवली आणि समोर बसली. "दोन आठवडे झाले, भाजीत मीठ कमी आहे म्हणून बोलला नाहीत. काय करून ठेवलंय?"

मी सगळं सांगितलं. झाकणाचा उल्लेख ती करेल असं वाटलं होतं. तिने केला नाही.

"आणि ती बाई गप्प बसली?"

"शब्द दिला होता तिने."

"तुम्हीही दिला होता ना? कशाचा दिला होता?"

मी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला.

"सात महिन्यांसाठी," ती म्हणाली. "सत्तावीस वर्षं नाकासमोर चाललात, आणि सात महिन्यांसाठी एका विधवेच्या पोटावर पाय." ती उठून गेली. आमचं बोलणं त्या दिवशी तेवढंच झालं.

एकवीस तारखेला मी नोंदवही घेऊन संचालकांच्या खोलीत गेलो. पान उघडून त्यांच्यासमोर ठेवलं आणि उभ्यानेच सांगितलं. त्यांनी ऐकलं, चष्मा काढला, पुसला.

"तुम्ही?" ते म्हणाले. मग जरासं हसले. "अहो, विम्यावाल्यांनी अपघात म्हणून मिटवलंय. काचकार दुसरं फूल पाठवतोय. आता कशाला उकरून काढता?"

"बाईंचा चेक अडकलाय. यादीतून नाव गेलंय."

"ते सोडा म्हणून सांगतो. चेक देऊन टाका, नाव घाला परत. कारण काही लिहू नका. तुमचे राहिलेत किती, सहा-सात महिने? फाइलवर तुमचं नाव येण्याची काही गरज नाही."

मी 'पण' म्हणायला हवं होतं. म्हणालो, "बरं." समितीत गप्प बसलो ते भीतीने, फोनवर गप्प बसलो ते सवयीने. या तिसऱ्या वेळी मला भीतीही नव्हती. सुटल्याचं बरं वाटलं, एवढंच. इतिवृत्तात आजही दिव्याची उष्णताच आहे. खोलीत परत येऊन मी शाळेला फोन केला आणि बाईंची काही चूक नव्हती, माझी होती, असं सांगितलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "अरेरे. पण आम्ही दुसऱ्याला आगाऊ रक्कम दिली हो." दुसऱ्या शाळेचंही तसंच झाल्याचं नंतर कळलं.

चेक मी पोस्टाने पाठवू शकलो असतो. बावीस तारखेला स्वतः घेऊन गेलो.

स्टुडिओ म्हणजे एक लांबट खोली. पुढे काउंटर, मागे तो तलावाचा पडदा, मध्ये स्टूल. काउंटरमागे सासूबाई ओळखपत्राचे फोटो कात्रीने कापत बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, पण कात्री सरळ चालत होती.

"कोण हवंय?"

मी उद्यानातून आलोय म्हणून सांगितलं.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आत तोंड करून हाक मारली, "अगं, बाहेर ये. तो पाणीवाला आलाय."

थांबाताई हात पुसत बाहेर आल्या. मी पाकीट पुढे केलं. त्यांनी चेक काढून आकडा वाचला, अक्षरी रक्कम वाचली, तारीख बघितली, आणि पावतीवर सही केली. मी जे पाठ करून आलो होतो ते बोललो. चूक माझी होती, समितीत मी बोलायला हवं होतं, शाळेचं मला फार वाईट वाटतं. सासूबाईंची कात्री तेवढा वेळ थांबली होती.

"आता बोललात," थांबाताई म्हणाल्या. "तेव्हा हवं होतं."

"नाव यादीत परत घातलंय."

"येईन मी. जूनमध्ये काचा परत जातील, त्यांचे फोटो मलाच काढायला हवेत. तुमचे अडतीस निळे दुसऱ्या कोणाला ओळखू येणार नाहीत." त्यांनी पावती माझ्याकडे सरकवली. "एक करा. माझी बिलं यापुढे दुसऱ्या कोणाला तरी तपासायला द्या."

"माझ्यावर विश्वास नाही म्हणून?"

"बिलात तुम्ही एक पैसा इकडचा तिकडे करणार नाही, ते माहिती आहे. पण मी तुमच्याकडे यायचं, आणि तुम्ही मान खाली घालून सही करायची, दर वेळी. कशाला ते? तुम्हालाही त्रास, मलाही."

मी हो म्हटलं. निघायला हवं होतं, पाय निघेना.

"आलाच आहात तर फोटो काढून घ्या," सासूबाई म्हणाल्या. "लोक इथे फोटोसाठी येतात. चेक घेऊन येणारे तुम्ही पहिलेच."

निवृत्तिवेतनाच्या कागदांना फोटो लागतातच. मी तसं सांगितलं आणि स्टुलावर बसलो. तलावाचा पडदा त्यांनी बाजूला सारला, मागे साधी भिंत ठेवली. हनुवटी जरा खाली, खांदा इकडे, एवढंच बोलल्या. कॅमेऱ्यामागे त्या बराच वेळ होत्या. पानाला लावतात तेवढाच वेळ मला लावला. मग दिवा चमकला.

आठ प्रती कापून होईपर्यंत मी काउंटरपाशी उभा राहिलो. खिशात मोठी नोट होती, त्यांच्याकडे सुटे नव्हते. "राहू द्या, नंतर द्या," त्या म्हणाल्या. सासूबाईंनी एका वहीत काहीतरी लिहिलं. नाव विचारलं नाही.

बायकोने घरी फोटो बघितला. "चांगला आलाय," ती म्हणाली. "घाबरलेले दिसता, पण चांगला आलाय." तिने त्यातले तीन कागदांना लावले.

आता सप्टेंबर आहे. जूनमध्ये त्या बागेत आल्या, सहा संध्याकाळी काम करून गेल्या. बिल आमच्या धाकट्या कारकुनाने तपासलं. मी त्या गल्लीत पुन्हा गेलेलो नाही. आठ प्रतींचे एकशे वीस झाले होते. ते मी अजून दिलेले नाहीत.